तीनशे मीटरचं बाळ

सुमेधा मगदूमला दिवस गेले. ही बातमी कायद्याने सगळ्यांत आधी ज्या कार्यालयाला कळवायची, त्याच कार्यालयात ती नोकरीला होती. आणि तिने ती कळवली नाही.

निमगुंडी हे सांगलीपासून तासाभरावरचं, कृष्णेच्या काठचं गाव. तिथल्या नगरपालिकेत सुमेधा हवासेविका होती. हे पद निघून जेमतेम चार वर्षं झाली होती, पण तिला न ओळखणारा माणूस गावात उरला नव्हता. तिची स्कूटर गल्लीत शिरली की तंदूरवाला आधी पाण्याची बादली शोधायचा आणि मग नमस्कार करायचा.

या सगळ्याच्या मुळाशी होती नाळपट्टी. दंडावर चिकटवायची, बाटलीच्या झाकणाएवढी चकती. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असत. टोचलेल्याही कळायच्या नाहीत. गरोदर बाईच्या रक्तात तिच्या वारेच्या, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या अवयवाच्या, पेशींचे सूक्ष्म तुकडे फिरत असतात. पट्टी ते तुकडे पकडायची आणि वाचायची.

वाचायची म्हणजे काय? धुरातले सगळ्यांत बारीक कण फुप्फुसात थांबत नाहीत. ते रक्तात उतरतात आणि थेट वारेपर्यंत पोचतात. जनुकं बदलत नाहीत. पण कुठलं जनुक उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं हे सांगणाऱ्या ज्या रासायनिक खुणा जनुकांवर असतात, त्या हलतात. साधारण सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांत बाळाच्या श्वासनलिकांना फांद्या फुटत असतात. त्याच सुमाराला त्याच्या रक्तातल्या काही पेशी एक मोठं काम शिकत असतात, बाकीच्या लढाऊ पेशींना आवरायचं. लग्नघरात एखादे समजूतदार काका असतात, भांडण पेटायच्या आत दोघांच्याही खांद्यावर हात ठेवणारे, तशा या पेशी. खुणा हलल्या की असे काका कमी तयार होतात. मग चार-पाच वर्षांनी परागकण, धूळ, मांजराचा केस, काहीही आत गेलं की शरीर घर डोक्यावर घेतं. त्यालाच आपण दमा म्हणतो, ॲलर्जी म्हणतो.

पट्टी त्या खुणा वाचून रोज शून्य ते शंभरातला एक आकडा द्यायची. त्याला नाव होतं श्वासांक. वीसच्या आत असला तर उत्तम, चाळीसच्या वर गेला तर काळजी. हा आकडा भविष्य सांगत नसे, नुसती शक्यता सांगे. पण शक्यतेला आकडा मिळाला की माणसं तिला भविष्यच समजतात.

तर नियम असा झाला होता, की बाईने नाव नोंदवलं की तिच्या घराभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ आखायचं, आणि ती बाळंत होईपर्यंत त्या वर्तुळात काही जळू द्यायचं नाही. बेकरीची लाकडं, इस्त्रीचा कोळसा, सुकलेला पाला, काहीच नाही. हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र निमगुंडीकरांनी आपापल्या परीने भोगले. नव्या जोडप्याला खोली दाखवताना घरमालक भाड्याच्या आधी विचारायचे, "पाळण्याचा विचार कधी?" लग्नाची वरात निघाली की बेकरीवाले उसासे टाकायचे. वरच्या मजल्यावर सकाळी कुणी ओकलं, तर खालचा इस्त्रीवाला कोळशाच्या पोत्याकडे बघत बसायचा.

आणि सुमेधाचं स्वतःचं घर होतं चुरमुरे गल्लीत.

गल्लीत पाच भट्ट्या. निमगुंडीचं भडंग ज्या चुरमुऱ्यांवर चालतं, ते इथले. मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेले तांदूळ तापलेल्या वाळूत टाकायचे, झाऱ्याने दोनदा फिरवायचे, तडतडून फुलले की चाळून घ्यायचे. ती वाळू तापवायला भाताचं तूस जळायचं. पहाटे पाचला पहिला धूर निघायचा तो दुपारपर्यंत. सुमेधाने टॅबवर आपल्या घराभोवती वर्तुळ काढून पाहिलं. पाचही भट्ट्या आत, अगदी मधोमध.

"नोंद कधी करायची?" भरतेशने विचारलं. तिचा नवरा द्राक्षांच्या शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. बातमी कळल्यापासून तो घरात उगाचच शीळ घालत फिरत होता.

"अकरावा आठवडा चालू आहे. नाजूक दिवस सुरू होतात सोळाव्यापासून. वेळ आहे अजून."

"तू तर लोकांना आठव्याच्या आत या म्हणून दटावतेस."

"लोकांच्या शेजारी गौराक्का राहत नाहीत."

यावर भरतेशची शीळ थांबली.

गौराक्का बासष्ट वर्षांच्या. पाच भट्ट्यांतली पहिली भट्टी त्यांची. सहा वर्षांपूर्वी सुमेधा लग्न होऊन आली तेव्हा घरात मोठं माणूस नव्हतं आणि भरतेशच्या पाळ्या असायच्या. गौराक्कांनी पहिल्याच आठवड्यात दार वाजवून विचारलं होतं, "एकटी काय जेवतीस? चल तिकडं." तेव्हापासून सासू, आई आणि मैत्रीण या तिन्ही जागा त्या एकट्याच सांभाळत होत्या. त्यांची भट्टी बंद करायची नोटीस स्वतःच्या हाताने लिहायची, हे सुमेधाला जमेना. माहेरी जावं, तर इचलकरंजीत भावाच्या घराच्या दोन्ही बाजूंना माग. तिथे कापसाचे बारीक तंतू नाकातोंडात जायचे. बारावा आठवडा गेला, तेरावा गेला.

एका संध्याकाळी कामावरून येताना गौराक्कांनी तिला हाक मारली. त्या दिवशी मोठी मागणी होती, म्हणून भट्टी उशिरापर्यंत पेटलेली. सुमेधा रस्त्याच्या पलीकडच्या अंगालाच थांबली. गौराक्कांनी हातातला झारा खाली ठेवला आणि पदराला हात पुसत त्या रस्ता ओलांडून आल्या.

"किती म्हैनं झालं?"

"कशाचे?"

"सहा वर्षं माझ्या दारात हुबं ऱ्हाऊन ऊन-ऊन चुरमुरं खातीस. आठ दिस झालं, लांबनंच बोलतीस. तोंडाला ओढणी. मला काय कळत न्हाई व्हय?"

सुमेधाच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. "तेरावा आठवडा संपला, अक्का."

गौराक्कांनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग तिला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी, धूर येणार नाही अशा कट्ट्यावर नेऊन बसवलं.

"आता मला त्या तुमच्या पट्टीचं नीट सांग. नोटीस वाचल्यागत नगं. माणसासारखं सांग."

सुमेधाने सांगितलं. कण, वार, खुणा, समजूतदार काका. सगळं ऐकून झाल्यावर गौराक्कांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"बसूच्या वक्ताला मी नऊ म्हैनं या भट्टीत तूस टाकत हुते," त्या म्हणाल्या. "सकाळी टाकलं आन दुपारी बाळंत झाले. लोक म्हणायचं, लई कष्टाची बाई."

बसू म्हणजे त्यांचा मुलगा बसवराज. चौथ्या वर्षापासून दमेकरी. शिकला, शिक्षक झाला आणि देवगडला समुद्राच्या हवेत जाऊन राहिला. दिवाळीला यायचा तो दोन तासांपुरता. गल्लीच्या तोंडाशी याच कट्ट्यावर बसायचा, आई डबा घेऊन यायची, तिथेच जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. आपल्या घरात तो बारा वर्षांत झोपला नव्हता.

"म्हंजे त्याचा दमा म्याच दिला म्हणायचा?"

सुमेधाला खोटं बोलता आलं असतं. पण गौराक्कांनी माणसासारखं सांगायला सांगितलं होतं. "तुम्ही नाही दिला, अक्का. धुराने धोका वाढला असेल. दमा एकाच कारणाने होत नाही, त्यामुळे नक्की असं कुणालाच सांगता येणार नाही. आणि तेव्हा हे कुणाला माहीत होतं?"

"तवा न्हवतं," गौराक्का उठल्या. "आता हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे चार धुरांड्यांतून धूर निघाला. पाचव्यातून निघाला नाही.

सुमेधा स्कूटर काढायला बाहेर आली तेव्हा गौराक्कांच्या दारात माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे सिद्राम, दुसऱ्या भट्टीचा मालक, आवाजाने मोठा आणि मनाने मऊ.

"अक्का, बरं न्हाई काय तुमास्नी?"

"मला काय धाड भरलीया? सुमेधाला दिवस गेल्यात."

सगळ्या माना एकदम सुमेधाकडे वळल्या. सिद्रामने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या धुरांड्याकडे.

"म्हंजे आता सगळी गल्लीच गरोदर!" तो म्हणाला. कुणीतरी खुदकन हसलं, पण त्याला हसू येत नव्हतं. "वैनी, आनंदाची गोष्ट हाय, मी न्हाई कशाला म्हणू? पर सहा म्हैनं आमी करायचं काय? गेल्या दोन टायमाला दोन-दोन म्हैनंच हुतं, ते कसंबसं निभावलं."

त्याचं शेवटचं वाक्य सुमेधाच्या डोक्यात घुसून बसलं. गेल्या दोन वेळेला दोन-दोन महिने. या गल्लीत चार वर्षांत दोन बायका बाळंत झाल्या होत्या, आणि दोघींनीही नाव नोंदवलं होतं ते सातवा महिना सरल्यावर. सुमेधाने दोघींना चांगलंच फैलावर घेतलं होतं. एवढ्या शिकलेल्या मुली आणि एवढा निष्काळजीपणा, म्हणून.

कार्यालयात जाऊन तिने चार वर्षांच्या नोंदी उघडल्या आणि गल्लीवार लावल्या. बंगल्यांच्या वसाहतीत नोंद सरासरी सातव्या आठवड्याला. बेकरीच्या, तंदूरच्या, भट्ट्यांच्या गल्ल्यांत सत्ताविसाव्या. जिथे धूर होता, तिथल्या बायका नाजूक दिवस उलटून गेल्यावरच येत होत्या. निष्काळजीपणाने नव्हे. शेजारच्या माणसाचं पोट बंद पडू नये म्हणून. गेले तीन आठवडे ती स्वतः तेच करत होती.

ती आरोग्याधिकारी डॉ. कुलसुम शिकलगार यांच्या खोलीत गेली आणि दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. आधी स्वतःची, मग नोंदींची.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तू लपवलंस? तू?"

"हो मॅडम. तीन आठवडे. जी काय कारवाई असेल ती करा. पण हा तक्ता आधी बघा."

डॉ. शिकलगारांनी तक्ता पाहिला. हा नियम गावात आणायला त्यांनीच जिवाचं रान केलं होतं. मुंबईच्या परिषदेत त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, की निमगुंडीतल्या नोंदवलेल्या बायकांचा श्वासांक सुधारला.

"नोंदवलेल्यांचा सुधारला," त्या हळूच म्हणाल्या. "ज्या त्या दहा आठवड्यांत नोंदवल्याच गेल्या नाहीत, त्यांचा मी पाहिलाच नाही." त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "तुझं नाव आत्ता, माझ्यासमोर लिही. लेखी ताकीद मिळेल तुला, ती मी थांबवणार नाही. पण मला सांग, नियमात शब्द काय आहे? भट्टी बंद की धूर बंद?"

सुमेधाला नियम पाठ होता. तिने तो मनात म्हणून पाहिला. "धूर बंद. ज्वलन आणि धूर."

"मग भट्टी चालू ठेवा की. धुराशिवाय. सोळावा आठवडा लागायला किती दिवस आहेत?"

"चौदा."

"वर्तुळ माझ्या अधिकारात त्या दिवशी सुरू होईल. एक दिवस आधी नाही आणि एक दिवस नंतर नाही."

घरी येऊन सुमेधाने हे सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरात भरतेश आणि गौराक्का चहा पीत होते. भरतेशने कप खाली ठेवला.

"अक्का, तूस जळतं ते तांदळासाठी की वाळूसाठी?"

"वाळूसाठी. तांदूळ जाळाला कुठं शिवतोय?"

"मग वाळूच तर तापवायची आहे!" तो उठून येरझाऱ्या घालू लागला. "शीतगृहात मी काय करतो? थंडी बाहेर जाऊ देत नाही. उष्णता अडवायची तरी तीच युक्ती, भिंत जाड आणि मधे हवा अडकलेली. गल्लीत सगळ्यांच्या गच्चीवर सौरपत्रे आहेत. दुपारी वीज इतकी उरते की वीज मंडळ घ्यायला तयार नसतं. ती वीज टाकीभर वाळूत सोडायची. पाचशे अंशांपर्यंत तापवून ठेवायची. दगडाच्या लोकरीचे जाड थर दिले तर ती दुसऱ्या सकाळपर्यंत तशीच राहील. पहाटे हवी तेवढी काढून कढईत ओतायची."

"वाळूत ऊन साठवून ठेवायचं म्हण की," गौराक्का म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"मग बोलत काय बसलायस?"

भरतेशने रजा टाकली. सिद्रामने आपल्या ओळखीने डेअरीतली एक जुनी पोलादी टाकी मिळवली. पाचव्या दिवशी तापलेल्या वाळूची पहिली बादली कढईत पडली आणि अख्खी गल्ली बघायला जमली. तांदूळ टाकले. काहीच झालं नाही. ते तसेच, खड्यासारखे, वाळूतून बाहेर आले.

"चांगलं हाय," सिद्राम म्हणाला. "दात पाडायला."

दुसऱ्या दिवशी वाळू जास्त तापवली; तांदूळ काळे झाले. तिसऱ्या दिवशी अर्धे खडे आणि अर्धे काळे. भरतेशच्या तापमापकावर कढईतल्या वाळूचा आकडा अगदी बरोबर, अडीचशे अंश. त्याला काही उलगडेना.

गौराक्कांनी झारा हातात घेतला. कढईच्या मध्ये चार दाणे टाकले, कडेला चार टाकले आणि कान देऊन ऐकलं.

"मधी ऊन, कडंला गार. तुझं यंतर एकाच जागी डोकं घालून बसलंय. खालनं जाळ असला की वाळू आपसूक सगळीकडं तापत ऱ्हाती. हितं जाळच न्हाई, तर ती सारखी हलवाय पायजे. आन वाळूच्या आधी कढई ऊन पायजे. गार कढईत ऊन वाळू म्हंजे थंडीत अंघोळ."

भरतेशने तोंडात बोट घातलं. दोन दिवसांत त्याने कढईला तळाशी विजेचं वेटोळं बसवलं आणि वाळू फिरवणारं पातं लावलं. बाराव्या दिवशी गौराक्कांनी दाणे टाकले, कान दिला आणि मान हलवली. तांदूळ वाळूत पडले. क्षणभर काही नाही. मग एकदम तडतड सुरू झाली आणि कढई पांढरीशुभ्र होऊन वर आली.

मुठी भरभरून सगळ्यांनी चुरमुरे खाल्ले. सिद्रामने डोळे मिटून चावून पाहिले.

"फुलल्यात झ्याक. पर धुराचा वास न्हाई. आजारी माणसाचं वाटतंय."

"लसूण घाल दोन पाकळ्या जास्त," गौराक्का म्हणाल्या. "आन वास पायजेच असंल तर बिडी वढ, तीनशे मीटर लांब जाऊन."

पाचही भट्ट्यांना टाक्या बसायला आणखी महिना गेला. तोवर पाच जण गौराक्कांच्या एकाच कढईवर पाळ्या लावून काम करत होते आणि पाळीवरून रोज भांडत होते. पण सोळाव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी चुरमुरे गल्लीत एकाही धुरांड्यातून धूर निघाला नाही, आणि सुमेधाच्या दंडावर नाळपट्टी लागली. आकडा आला सतरा.

हा आकडा म्हणजे गल्लीला क्रिकेटचा स्कोअर होऊन बसला. सुमेधा दार उघडून बाहेर आली की पहिला प्रश्न "बरं हाय न्हवं?" नसे, "आज किती?" असे. सोळा, पंधरा, चौदा. आकडा उतरला की सिद्राम स्वतःच्या पाठीवर थाप मारून घ्यायचा.

बाविसाव्या आठवड्यात तो अचानक एकवीस झाला.

गल्लीत हाहाकार उडाला. सिद्रामने चारही बाजूंच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कुठे शेकोटी नाही, कुठे कचरा जळत नाही. बाकीच्या भट्टीवाल्यांचा एकमेकांवर संशय घेऊन झाला. सुमेधाने ऑफिसातून हवा मोजायचं यंत्र आणलं आणि भट्टीपासून सुरुवात करून घराघरांतून फिरली. यंत्र कुठेच ओरडेना. शेवटी ती स्वतःच्या घरात शिरली आणि यंत्र किंचाळायला लागलं. ती आवाजाच्या मागे मागे गेली. मागची खोली. दाराला कुलूप.

"भरतेश, काय आहे आत?"

भरतेश कान खाजवत उभा राहिला. "तुला पुढच्या महिन्यात दाखवणार होतो."

आत पाळणा होता. जुन्या बाजारातून आणलेला, सागवानी. त्याला भरतेशने तीन हात ऑईलपेंट दिला होता, पिवळा धमक. टर्पेंटाइनच्या वासाने डोळे चुरचुरत होते.

पुढचे आठ दिवस भरतेशला गल्लीतून मान वर करून चालता आलं नाही. "आमच्या धुरांड्यांना गवसणी आन ह्यो घरात कारखाना काढून बसलाय," असं सिद्राम येईल-जाईल त्याला सांगायचा. गौराक्कांनी पाळणा उचलवून गच्चीवर उन्हात ठेवला आणि सुमेधाला आपल्या घरी झोपायला नेलं. आकडा आठवड्याभरात पुन्हा पंधरावर आला. त्या दिवशी सुमेधा भरतेशजवळ बसून इतकी हसली, की तिला पोटाला हात लावून थांबावं लागलं.

एका रविवारी गौराक्कांनी देवगडला फोन केला. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. पुढच्या शनिवारी बसवराज आला. सवयीने गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसला. गौराक्का डबा न घेताच आल्या आणि म्हणाल्या, "चल घरला." तो खिशातला दम्याचा पंप मुठीत धरून त्यांच्यामागून चालत गेला. सकाळी सुमेधा दूध घ्यायला बाहेर पडली, तेव्हा तो भट्टीच्या दारात खुर्ची टाकून चहा पीत होता. गौराक्का आत तांदूळ टाकत होत्या, आणि जन्मात कधी नाही ते गात होत्या, कानडीत.

"रात्री एकदा पंप घ्यावा लागला," बसवराज सुमेधाला म्हणाला. "दमा गेलेला नाही, तो काही जायचा नाही. पण सकाळी जाग आली आणि छत बघून कळेचना, मी कुठे आहे. आमचंच छत."

मधल्या काळात डॉ. शिकलगारांनी नियमात बदल करून घेतला. वर्तुळाची नोटीस काढायच्या आधी त्या गल्लीत वाळूची टाकी द्यायची, शिकवायला माणूस द्यायचा. शिकवायला जायच्या अर्थात गौराक्का. झारा स्वतःचा घेऊन. तीन महिन्यांत नोंदी सत्ताविसाव्या आठवड्यावरून बाराव्यावर आल्या. एका बेकरीवाल्याने तर टाकीच्या यादीत आपला नंबर आधी लागावा म्हणून भाडेकरू जोडप्याला रिक्षात घालून कार्यालयात आणलं.

"लिहून घ्या," तो सुमेधाला म्हणाला.

"कितवा आठवडा?"

नवी नवरी लाजून लाल झाली होती. "मॅडम, आमचं लग्न होऊन पंधराच दिवस झालेत."

सुमेधा बाळंत झाली एका सोमवारी दुपारी. मुलगी. पट्टीने शेवटचा आकडा दिला होता तेरा. डॉ. शिकलगार स्वतः बघायला आल्या.

"तेरा फार चांगला," त्या म्हणाल्या. "पण तुला ठाऊक आहे, ही हमी नव्हे."

"ठाऊक आहे मॅडम. चार वर्षं मीच लोकांना हे सांगतेय. स्वतःच्या वेळी मात्र हमी हवीशी वाटते."

"माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी ही पट्टी नव्हती," डॉक्टर बाळाच्या मुठीत आपलं बोट देत म्हणाल्या. "कधी कधी वाटतं, बरंच झालं."

बारशाला गल्लीत मांडव घातला. सिद्रामने भडंगाचं पातेलं चढवलं, विजेवर. बसवराज दोन दिवस आधीच येऊन माळा लावत होता. पाळणा गच्चीवरून खाली आला, वास पार उडालेला. भरतेशची बहीण पुण्याहून आली होती. आत्याचा मान तिचा. तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं. मागून बायका तिच्या पाठीत बुक्क्या घालायला हात उचलून तयार. मांडव चिडीचूप झाला.

आणि बाळ शिंकलं. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा.

उचललेले हात तसेच राहिले. सिद्रामच्या हातातला झारा पातेल्यावर थांबला. भरतेशने दचकून डॉ. शिकलगारांकडे पाहिलं, डॉक्टरांनी सुमेधाकडे पाहिलं. सुमेधाचा उजवा हात आपोआप डाव्या दंडाकडे गेला. तिथे आता काहीच नव्हतं.

"आकडा किती आला?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

गौराक्का पुढे आल्या. त्यांनी पदराने बाळाचं नाक पुसलं, कपाळावर हात ठेवला आणि मांडवाकडे वळल्या.

"अवं, शिंकली. माणसाचं पोर हाय, शिंकणारच. शतायुषी हो म्हणा की, का त्याला बी पट्टी पायजे?"

"शतायुषी हो!" सगळा मांडव एका आवाजात म्हणाला. बाळाने दचकून भोकाड पसरलं, चांगलं खणखणीत, छाती भरून. आत्याने तेवढ्यात घाईघाईने कानात नाव सांगून टाकलं, तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या बसल्या आणि घुगऱ्यांची परात फिरायला लागली. नाव काय ठेवलं ते त्या गोंधळात कुणालाच ऐकू आलं नाही. ते सगळ्यांना नंतर विचारून घ्यावं लागलं.